होडीचा रंग : रोलर निवडताना, ब्रश निवडताना

(उन्हाळी श्रमदान शिबिराला जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या तयारी-सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)





येत्या मे महिन्यात आपण नर्मदेच्या काठी होड्या रंगवायला जाणार आहोत. रंगासाठी तुम्ही सढळ हाताने दिले, त्याबद्दल काठावरच्या घरांच्या वतीने मी आभार मानते. पण आज मी रंगाविषयी थोडेच बोलणार आहे. बोलायचे आहे ते रोलर आणि ब्रशविषयी. देणगी देताना आपण रंगाचा डबा आठवणीने देतो आणि ब्रश मात्र घरात पडलेला असेल तो पिशवीत टाकतो. ‘ब्रश काय, कोणताही चालतो’ असे म्हणून. घराच्या भिंतीला ते एकवेळ चालते. होडीला चालत नाही. चांगला रंग वाईट ब्रशने लावला तर तो वाईट रंगासारखाच टिकतो.

ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली 33 गावे बाधित झाली. ती नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेली, चिमलखेडी ही नावे तुम्ही ऐकली असतील. धरणाची पूर्ण पातळी 138.68 मीटर. 2019 च्या सप्टेंबरात सरोवर पहिल्यांदाच त्या पातळीपर्यंत भरले. खोऱ्यातल्या पायवाटा पाण्याखाली गेल्या आणि डोंगराच्या उतारावर राहिलेल्या पाड्यांना होडी हाच रस्ता झाला. रेशन होडीतून येते, दुखणेकरी होडीतून जातो आणि मासळीही होडीतूनच बाजाराच्या वाटेला लागते. पावसाळ्यात पाणी चढते, उन्हाळ्यात उतरते. उतरत्या पाण्यात खडक आणि बुडालेल्या झाडांची खोडे वर येतात, त्यावर होडी घासते. जिथे रंग उडाला तिथे लाकूड पाणी पिते. मग ते फुगते, उन्हात आकसते, सांधा उघडतो आणि फळी कुजायला लागते. घराला छप्पर तसा होडीला रंग.

उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात तारवाला आतून आणि बाहेरून लेप द्यायला सांगितले आहे, हे तुम्हांला आठवत असेल. लाकूड आणि पाणी यांच्यामध्ये एक थर हवा, आणि तो कुठेही तुटलेला नको, हे ज्ञान फार जुने आहे. आपण शिकायचे आहे ते एवढेच, की हा थर हाताने सारखा कसा लावायचा.

गुळगुळीत कशासाठी?

एका तरुणाने मला मागे विचारले, “ताई, ती काय शर्यतीची नाव आहे? मासे धरायची होडी. जरा खरखरीत राहिली तर काय बिघडले?”

प्रश्न रास्त आहे. गुळगुळीतपणा शोभेसाठी असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. खरखरीत रंग म्हणजे कमी-जास्त जाडीचा रंग. ब्रशची खोल रेघ पडली की त्या रेघेच्या तळाशी रंग पातळ असतो, आणि होडीची झीज तिथूनच सुरू होते. जिथे ओघळ आला तिथे रंग जाड असतो. तो वरून वाळतो, आत ओला राहतो आणि पुढे सालपटासारखा निघतो. त्यात अडकलेला एखादा केस किंवा लोकरीचा धागा उपटला गेला की तिथे बारीक वाट तयार होते, आणि पाण्याला तेवढी पुरते. शिवाय माशांचा चिकटा आणि गाळ खरखरीत पृष्ठभागात रुतून बसतो. तो काढायला दगडाने घासावे लागते, म्हणजे रंगही घासला जातो. जाळे कडेवरून ओढताना ओघळाच्या गाठीत अडकते, ते वेगळेच.

म्हणजे गुळगुळीत रंग हा सारख्या जाडीचा रंग असतो. होडीला हवी ती ही सारखी जाडी.

दोन हत्यारे, दोन कामे

स्प्रे मशीनने रंग सारखा बसतो हे खरे. पण त्याला वीज लागते, कॉम्प्रेसर लागतो, आणि सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यात निम्मा रंग हवेत जातो. तो श्वासातही जातो. काठावर हाताचेच काम बरे.

हाताने रंग सारखा बसवायची एक पद्धत जगभर होड्या रंगवणारे वापरतात. रोलरने रंग पसरवायचा आणि लगेच, तो ओला असताना, जवळजवळ कोरड्या ब्रशच्या टोकाने वरून हलका हात फिरवायचा. दोघांची कामे वेगळी आहेत. नुसत्या ब्रशने रंगवले तर बुडवल्या-बुडवल्या रंग जास्त बसतो आणि पुढे ओढत नेला की कमी होत जातो. रोलर मात्र पातळ, सारखा थर देतो. पण रोलर फिरताना हवा धरतो, म्हणून मागे बारीक बुडबुडे आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत राहतो. ब्रशचे टोक ते बुडबुडे फोडते आणि पोत निजवते. नंतर रंग आपल्या वजनाने सपाट होतो. म्हणून रोलर असा निवडा की तो कमी पोत ठेवील, आणि ब्रश असा की तो स्वतःची रेघ ठेवणार नाही.

रोलर कसा निवडावा

मागे एका गावी शहरातून मदत म्हणून रोलर आले होते. नऊ इंची, लांब केसाळ, भिंतीला डिस्टेंपर लावायचे. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण अशा रोलरची लव लांब असते. ती खरबरीत भिंतीच्या खाचांत रंग भरायला केलेली असते. लाकडाच्या घासलेल्या फळीवर ती भरमसाट रंग टाकते आणि धागेही सोडते. होडीची बाजू वळलेली असते, त्यामुळे रुंद रोलर मध्येच टेकतो आणि कडा अधांतरी राहतात. गावकऱ्यांनी ते रोलर तसेच ठेवले आणि पुढे समाजघराच्या भिंतीला वापरले. त्यांनी ते बरोबरच केले.

होडीसाठी रोलर घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, रुंदी. चार इंची घ्या. तो वळणावर पूर्ण टेकतो आणि एका हाताने तासभर चालवला तरी मनगट दुखत नाही.

दुसरी, पृष्ठभाग. दोन प्रकार चालतात. एक, बारीक छिद्रांचा घट्ट फोम. चिमटीत दाबून पाहा. लगेच मूळ आकारात आला आणि छिद्रे डोळ्यांना सहज दिसली नाहीत तर घ्या. अंघोळीच्या स्पंजासारखी मोठी छिद्रे असतील तर ठेवून द्या, तो बुडबुडेच देईल. दुसरा प्रकार मखमलीसारख्या आखूड लवेचा. लव चार-पाच मिलिमीटरपेक्षा लांब नको. फोम स्वस्त पडतो आणि धागे सोडत नाही. आखूड लवेचा रोलर रंग जास्त धरतो आणि जास्त दिवस टिकतो.

तिसरी, रंग कोणता आहे. आपल्या लाकडी होड्यांना साधा ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल, वापरतात. त्याला टर्पेंटाइन लागते आणि फोम त्यात टिकतो. काही ठिकाणी आता फायबरच्या होड्या आहेत. त्यांना दोन डब्यांतले मिसळून लावायचे रंग वापरतात, आणि त्यांचे थिनर जहाल असते. साधा फोम त्यात फुगतो, मग त्याचे तुकडे रंगात पडतात. तिथे आखूड लवेचाच रोलर न्या, किंवा पाकिटावर अशा रंगासाठी चालतो असे लिहिलेला फोम घ्या.

लवेचा रोलर नवा असला की त्यावर मॅस्किंग टेप गुंडाळून ओढून काढा, दोन-तीनदा. सुटे धागे टेपला चिकटून येतील. हे काम इथेच, घरी बसून करा. काठावर वाऱ्यात करू नका.

ब्रश कसा निवडावा

ब्रश दुकानात हाताळल्याशिवाय घेऊ नका. दुकानदार रागावला तरी चालेल.

आधी केस पाहा. ऑइल पेंटला नैसर्गिक केसांचा ब्रश चांगला. दुकानात मिळतात ते बहुधा डुकराच्या केसांचे असतात. त्या केसाचे टोक निसर्गतः फाटलेले, दुभंगलेले असते. त्यामुळे तो रंग धरतो आणि रेघ बारीक ठेवतो. पण हेच केस पाणी पितात आणि लुळे पडतात, म्हणून पाण्यात मिसळायच्या रंगाला कृत्रिम केसांचा ब्रश लागतो. परदेशी पुस्तकांत बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे महागडे ब्रश सांगितलेले असतात. त्यांच्यामागे लागू नका. आपले काम त्यांच्याविना उत्तम होते.

मग ब्रश तळहातावर उलटा दाबा. केस वाकले पाहिजेत आणि सोडल्यावर सरळ झाले पाहिजेत. वाकलेच नाहीत तर तो रेघा ओढील. वाकून तसेच राहिले तर तो रंग नुसता चोपडील. टोकाकडे केस उतरते असावेत. कात्रीने सपाट कापल्यासारखे असतील तर शेवटच्या हाताला तो ब्रश नको.

नंतर केस बोटांनी फाकवून आत पाहा. मध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर दिसेल. ती लहान असावी. स्वस्त ब्रशात मोठी पाचर घालून पोकळ ब्रश भरगच्च दाखवतात. दांडीजवळची पत्र्याची पट्टी हलवून पाहा, ती डळमळू नये. शेवटी केसांना हलका झटका द्या. नव्या ब्रशचे एक-दोन केस निघतात. झुबका हातात आला तर दुकानदाराला सलाम करून बाहेर पडा.

माप सांगते. होडीच्या बाजूंसाठी अडीच किंवा तीन इंची, आणि सांधे, कोपरे व आतल्या आडव्या लाकडांसाठी एक इंची. नवा ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन वाळवा आणि आधी प्रायमरला वापरा. प्रायमरच्या कामात त्याचे सुटे केस निघून जातात आणि टोके मऊ होतात. असा रुळलेला ब्रश शेवटच्या हातासाठी ठेवा. अगदी नवा कोरा ब्रश शेवटच्या हाताला घेऊ नये.

काठावर काम करताना

होडी पाण्याबाहेर काढून चांगली वाळलेली हवी. जुना रंग घासताना पॉलिश पेपर ओला करून घासा आणि लहान मुलांना दूर ठेवा. घरगुती रंगातल्या शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्या देशात 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. होडीवरचे जुने थर त्याआधीचे असू शकतात. कोरडे घासले तर ती धूळ नाकातोंडात जाते. घासून निघालेला चोथा फडक्याने गोळा करा. नवा डबा घेताना त्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे तेही वाचा.

पहिला हात प्रायमरचा. तो ब्रशनेच द्या, रोलरने नको. लाकडाच्या रेषांत, सांध्यांत आणि फळीच्या टोकांत प्रायमर दाबून भरावा लागतो. रोलर वरून निघून जातो. फळीचे कापलेले टोक सर्वांत जास्त पाणी पिते, तिथे दोनदा द्या.

वरचे हात रोलर आणि ब्रशने, दोघांनी मिळून. एकाने रोलर धरायचा, दुसऱ्याने ब्रश. नाळेकडून सुरुवात करून पिछाडीकडे जायचे. रोलरवाल्याने दीड-दोन फुटांचा तुकडा वर-खाली फिरवून भरायचा. ब्रशवाल्याने लगेच फळीच्या लांबीच्या दिशेने, नव्या तुकड्याकडून आधीच्या ओल्या तुकड्याकडे, हलका हात न्यायचा आणि शेवटी ब्रश अलगद उचलायचा. दाब इतका कमी ठेवा, की ब्रशचे फक्त टोक टेकेल. हा ब्रश डब्यात बुडवायचा नाही. चार-पाच वेळा फिरवला की फडक्याला पुसायचा. एकदा फिरवून झाले की परत मागे जायचे नाही, कितीही मोह झाला तरी. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश फिरवला की ती रेघ कायमची राहते.

नंदुरबारचा मे महिना तुम्हांला माहीत आहे. उन्हात रंग इतक्या लवकर ओढतो की त्याला सपाट व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून सकाळी उजाडल्यावर सुरू करून दहाच्या आत थांबायचे, तेही सावलीच्या बाजूला. फळीवर हाताची मागची बाजू ठेवून पाहा. चटका बसला तर त्या दिवशी रंग नाही, घासकाम करा. रंग घट्ट वाटला तर डब्यावर सांगितले आहे तेवढेच टर्पेंटाइन घाला आणि आधी एका फळकुटावर लावून पाहा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या. मध्ये एक रात्र जाऊ द्या आणि बारीक पेपरने हलके घासून धूळ पुसा.

होडीच्या तळाला मात्र हे सोपस्कार नकोत. तिथे आमच्याकडे डांबर देतात, आणि त्याला जुना, झिजलेला ब्रश उत्तम. समुद्रातल्या होड्यांच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून तांबेयुक्त महाग रंग देतात. नर्मदेच्या गोड्या पाण्यात ते समुद्री शिंपले नसतात, तेव्हा त्या रंगावर पैसे घालू नका.

ब्रश कुणाच्या हातात?

आता शेवटचे, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचे. शिबिर चार दिवसांचे आहे. होडी पुढच्या वर्षीही रंगवावी लागेल आणि तेव्हा आपण तिथे असूच असे नाही. म्हणून प्रत्येक जोडीत एक जण होडीच्या घरचा असेल. पहिल्या दिवशी रोलर आपल्या माणसाकडे आणि ब्रश त्यांच्याकडे. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही त्यांच्याकडे, आणि आपण ट्रे धरायचा, फडके धुवायचे. शहरातल्या मुलांना हे जड जाते. फोटोत ब्रश हातात असलेला बरा दिसतो. पण गेल्या खेपेला मी पाहिले, एक होडीवाले काका ब्रश न बुडवता नुसता फळीवर फिरवून बघत होते. मी विचारले, “काका, काय बघताय?” म्हणाले, “केस कुठल्या बाजूला वाकतात ते बघतो, ताई. वल्ह्याचं पण असंच असतं. जोर नाही, कोन लागतो.” त्यांनी एका सकाळीत जो हात बसवला तो आमच्या मुलांना चार दिवसांत बसला नाही. त्यांना आपले शिकवणे फारसे लागत नाही. लागतो तो चांगला ब्रश.

तो ब्रश तिथेच राहणार आहे, म्हणून तो जपायचा कसा हेही दाखवून या. काम झाल्याबरोबर ब्रश फडक्याला पुसायचा, मग थोड्या टर्पेंटाइनमध्ये किंवा रॉकेलमध्ये दोनदा धुवायचा, नंतर साबणाने. केस बोटांनी सरळ करून कागदात गुंडाळून आडवा ठेवायचा किंवा दांडीने टांगायचा. केसांवर उभा ठेवला की तो कायमचा वाकतो. धुतलेले टर्पेंटाइन झाकणाच्या बरणीत ठेवा. गाळ खाली बसला की वरचे पुन्हा वापरता येते. ते सरोवरात ओतायचे नाही. काठावरच्या बायका तिथूनच हंडे भरतात.

ज्यांना यायला जमणार नाही पण काही द्यायचे आहे, त्यांच्यासाठी एका होडीचा संच सांगते. चार इंची रोलरच्या दोन दांड्या, त्यांना बसणारी सहा कव्हरे, एक ट्रे, अडीच इंची चांगले ब्रश दोन, एक इंची एक, मॅस्किंग टेप, पॉलिश पेपर, सुती फडकी आणि झाकणाची एक बरणी. चांगला ब्रश साध्याच्या कितीतरी पट महाग असतो, हे मला माहीत आहे. म्हणून दहा जणांनी दहा ब्रश देण्यापेक्षा चौघांनी मिळून दोन चांगले द्या. घरातले जुने ब्रशही आणा, तळाच्या डांबराला लागतील. फक्त त्यांची पिशवी वेगळी ठेवा आणि वर तसे लिहा.

जोड्यांची यादी बाहेरच्या फलकावर लावली आहे. तुमची नावे पाहून घ्या आणि निघण्याआधी एकदा घरी फळकुटावर हात बसवून या.